तांबेऱ्याची खतावणी

परवा माझ्या थोरल्या भावाची नात चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. ती कृषी महाविद्यालयात शिकते. रात्री जेवताना पानात जवसाची चटणी वाढली, तशी ती म्हणाली, ‘आजोबा, या जवसावर एका माणसाने अख्खा जन्म काढला, ठाऊक आहे तुम्हाला?’

चटणी-भाकरीवर जन्म काढलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण नुसत्या जवसावर? मी हसलो. हात धुतल्यावर तिने पिशवीतून एक जाड पुस्तक काढले आणि एक तक्ता उघडून माझ्यापुढे ठेवला. ‘तुम्हाला आकड्यांची सवय आहे. वाचून बघा.’

ती झोपायला गेली. बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसापुढे आकड्यांचा तक्ता ठेवला, की तो बेरीज करून पाहिल्याशिवाय उठत नाही. तक्त्यात जवसाच्या दोन वाणांची नावे होती. एकाचे नाव ‘ओटावा ७७०-बी’ आणि दुसऱ्याचे चक्क ‘बॉम्बे’! एके काळी आपल्याकडचे जवस मुंबई बंदरातून गलबते भरभरून परदेशी जात असे आणि तिकडच्या बाजारात ते ‘बॉम्बे’च्या नावानेच ओळखले जाई, हे मी कुठेतरी वाचले होते. पण त्या नावाची गाठ अमेरिकेतल्या एका शेतकी कॉलेजात पडेल असे वाटले नव्हते. त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत जागा होतो. का जागा होतो ते पुढे सांगतो. आधी त्या माणसाची गोष्ट.

त्याचे नाव हॅरॉल्ड हेन्री फ्लोर. जन्म १९०० सालचा, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल गावचा. मिनेसोटा विद्यापीठात शिकून १९२९ साली त्याने डॉक्टरेट मिळवली. त्या वेळी तिथे स्टॅकमन नावाचे प्राध्यापक गव्हाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करीत होते. तांबेरा म्हणजे एकच एक रोग नाही, वरून अगदी सारख्या दिसणाऱ्या या बुरशीत अनेक वंश असतात आणि एक वंश ज्या गव्हाला खातो त्याला दुसरा शिवतही नाही, हे स्टॅकमन यांनी दाखवून दिले होते. पुढे ‘हरितक्रांतीचे जनक’ म्हणून नावाजले गेलेले नॉर्मन बोरलॉग हे याच स्टॅकमनचे विद्यार्थी.

१९३१ साली फ्लोर नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो या गावी आला. पगार अमेरिकन सरकारच्या शेतीखात्याचा, बसायची जागा मात्र तिथल्या शेतकी कॉलेजच्या आवारात. याच कॉलेजचे पुढे विद्यापीठ झाले. फार्गो म्हणजे सपाट माळ आणि हाडे गोठवणारी थंडी. तो माळ पहिल्यांदा नांगरणाऱ्या शेतकऱ्यांनी जवस मोठ्या प्रमाणावर लावले होते, कारण लाकडी घरांच्या रंगासाठी जवसाच्या तेलाला चांगली मागणी होती. पण जवस दोन-चार वर्षे एकाच जमिनीत घेतले की रोपे माना टाकू लागत. जमीन ‘दमली’ असे लोक म्हणत. बॉली नावाच्या प्राध्यापकाने १८९४ पासून कॉलेजच्या एका तुकड्यात वर्षानुवर्षे जवसच पेरून दाखवून दिले, की जमीन दमलेली नाही. तिच्यात एक बुरशी ठाण मांडून बसली आहे. त्या रोगट तुकड्यात जी थोडी रोपे तगली, त्यांच्या बियांपासून मर रोगाला दाद न देणारे वाण निघाले. फ्लोर आला तो असा पूर्वइतिहास असलेल्या जागी. त्याच्या वाट्याला आला तो जवसाचा तांबेरा.

तांबेरा ज्यांनी शेतात पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पानांवर आणि खोडांवर नारिंगी-तांबूस पुळ्या उठतात. त्या फुटल्या की आत लोखंडाच्या गंजासारखी पूड असते. एकेक कण म्हणजे बुरशीचा एकेक बीजाणू. वारा आला की ही पूड उडते आणि कोसच्या कोस जाते. आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक करमचंद मेहता यांनी आपल्या देशात हेच शोधून काढले होते. गव्हाचा तांबेरा मैदानातल्या कडक उन्हाळ्यात जगत नाही. तो थंड डोंगराळ भागात तग धरतो आणि पुढच्या हंगामात वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो. आपल्या महाबळेश्वरला, स्ट्रॉबेरी आणि पॉइंट यांच्या गर्दीत, गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. किती सहली तिथे गेल्या, पण त्या पाटीकडे माझे कधी लक्ष गेले नाही.

आता फ्लोरच्या कामाकडे येतो. रोगाला दाद न देण्याचा गुण झाडात आनुवंशिक असतो, मेंडेलच्या नियमांनी आई-बापांकडून मुलांत उतरतो, हे केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ सालीच गव्हावर दाखवले होते. तेव्हापासून झाडांच्या कुंडल्या मांडणारे पुष्कळ झाले. बुरशीचे वंश मोजणारेही झाले. पण एक जण झाड बघे, दुसरा बुरशी बघे. फ्लोरने ठरवले, की दोघांच्याही कुंडल्या एकाच वेळी, एकाच माणसाने, एकाच जागी मांडायच्या.

वाचताना मला आमच्या धंद्यातली पहिली शिकवण आठवली. नुसती जमेची बाजू पाहून हिशेब कळत नाही. एका खात्यात जमा पडली की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात ती नावे पडलेली असतेच. ती सापडेपर्यंत कारकुनाने घरी जायचे नाही.

यासाठी जवसाचा तांबेरा सोयीचाही होता. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचा संसार दोन घरांत असतो. गव्हावर तो वाढतो, पण त्याचे लग्न लागते ते दारुहळदीच्या कुळातल्या बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपावर. जवसाच्या तांबेऱ्याचे सगळे, जन्मापासून लग्नापर्यंत, जवसावरच उरकते. थंडीत पडून राहिलेले काळपट बीजाणू वसंतात रुजतात, पानावर बारीक ठिपके उठतात आणि त्या ठिपक्यांत मधासारखा एक थेंब येतो. एका ठिपक्यातला थेंब दुसऱ्या ठिपक्यावर नेऊन लावला की संकर होतो. निसर्गात हे काम किडे-माश्या करतात. क्रेगी नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने १९२७ साली ही गोम उघड केली होती. फ्लोरने तीच युक्ती वापरून बुरशीच्या दोन वंशांची सोयरीक जमवली, त्यांची मुले वाढवली आणि मग नातवंडे. प्रत्येक नातवंड वेगळे ठेवायचे, वेगळ्या रोपांवर वाढवायचे, शेजारच्याची पूड उडून त्यात मिसळू द्यायची नाही. पुन्हा प्रत्येकाला निरनिराळ्या वाणांवर सोडून पाहायचे, आणि लिहून ठेवायचे. असे एक-दोन वर्षे नव्हे, त्याने उभी कारकीर्द केले.

आता तो तक्ता. ओटावा आणि बॉम्बे हे दोन वाण. तांबेऱ्याचेही दोन वंश, त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, २२ आणि २४. यातला एक वंश ओटावाला खातो पण बॉम्बेपुढे हात टेकतो. दुसरा बॉम्बेला खातो पण ओटावापुढे त्याचे काही चालत नाही. फ्लोरने दोन वाणांचा संकर केला आणि दोन वंशांचाही केला.

जवसाची १९४ नातवंडे तपासली. त्यांपैकी ११० रोपे दोन्ही वंशांना पुरून उरली. ३२ आणि ४३ रोपे एकेका वंशाला पुरली, दुसऱ्याला बळी पडली. ९ रोपांना दोन्ही वंशांनी खाल्ले.

बुरशीची १३३ नातवंडे तपासली. ७८ जणांना दोन्हींपैकी एकही वाण खाता आला नाही. २७ आणि २३ जणांना एकेक खाता आला. आणि ५ जण असे निघाले, की त्यांनी दोन्ही वाण खाल्ले.

शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकलेल्यांना नऊ-तीन-तीन-एक हे प्रमाण आठवेल. दोन जनुके स्वतंत्रपणे वारसाने उतरली की नातवंडांत तेच प्रमाण दिसते. दोन्ही बेरजा मी कागदावर करून पाहिल्या. जवळजवळ जुळतात. एकीकडे झाड, दुसरीकडे त्याला खाणारी बुरशी, दोघे सृष्टीच्या दोन टोकांचे जीव. पण दोघांच्या वह्या उघडल्या तर नोंदी समोरासमोर. झाडात प्रतिकाराचे जेवढे जनुक, तेवढेच, त्याच्याशी जोडी असलेले जनुक बुरशीत. फ्लोरने हे १९४२ सालापासून लेखांतून मांडायला सुरुवात केली. ‘जनुकास जनुक’ या नावाने आज ते जगभरच्या शेतकी महाविद्यालयांत शिकवले जाते.

यातली खरी मजा पुढे आहे. आपल्याला वाटते, की रोगाने पीक जिंकले म्हणजे रोगाला काहीतरी नवे हत्यार मिळाले. फ्लोरच्या हिशेबात बहुतेक वेळा उलटे निघाले. आमच्या शाखेत दाराशी बंदूकवाला शिपाई असे. समजा, त्याच्याकडे एका भामट्याचा फोटो आहे. भामटा दिसला की तो धरणार. झाडातला प्रतिकाराचा जनुक म्हणजे हा शिपाई. बुरशीच्या अंगावरची एक विशिष्ट खूण त्याला ओळखता येते. खूण दिसली, की झाड त्या ठिपक्याभोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकते. तांबेरा जिवंत पेशीवरच जगतो, त्यामुळे तो उपाशी मरतो. पण भामट्याने मिशा काढल्या तर? शिपाई जागा असतो, बंदूक भरलेली असते, फोटोही खिशात असतो. फक्त ओळख पटत नाही. बुरशीतली ती एक खूण पुसली गेली किंवा बदलली, की काल उभे राहिलेले पीक आज आडवे होते. झाडाचे काही चुकलेले नसते.

इथेच मी थांबलो आणि मला झोप येईना.

गोष्ट १९८७ सालची. मी तेव्हा तिशीच्या आतला, नागपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत पीककर्जाच्या टेबलावर. बँकेचे नाव घेत नाही, चूक बँकेची नव्हे, माझ्या सहीची होती. एका शेतकऱ्याने गव्हासाठी कर्ज काढले होते. माघ संपता संपता तो शाखेत आला. म्हणाला, गहू तांबेऱ्याने गेला, परतफेडीला मुदत द्या. मी पाहणीला गेलो. तीन एकरांचे वावर. मधून चालत गेलो तर पांढऱ्या पॅन्टीला गुडघ्यापर्यंत तांबूस पूड लागली. दाणे चिमटीत घेतले तर नुसती टरफले.

मी विचारले, फवारणी केली होती का? वेळेवर पाणी दिले होते का? बियाणे कुठले? तो म्हणाला, बियाणे घरचेच आहे, दोन वर्षांपूर्वी ‘याला तांबेरा येत नाही’ असे सांगून दिलेल्या वाणाचे. दोन वर्षे खरेच आला नाही.

‘मग यंदाच कसा आला?’ मी विचारले. माझ्या आवाजात साहेबी होती, हे आज कळते.

तो थोडा वेळ वावराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘सायेब, बियानं तेच, वावर तेच, हात बी तेच. तांबेराच दुसरा हाये जी.’

मी हसलो. बोडखे वावर दाखवून पाऊस दुसरा होता म्हणणारेही भेटत असत. गावाची पैसेवारी पन्नासाच्या वर लागली होती, म्हणजे सरकारी नियमाने सवलत नव्हतीच. उरला होता फक्त माझा शेरा. त्यावर मुदतवाढीचा विचार होऊ शकला असता. मी लिहिले, ‘पिकाची निगा राखण्यात हयगय झाल्याचे दिसते.’ खाली सही केली. मुदत मिळाली नाही. उन्हाळ्यात त्याने बैल विकला आणि पैसे आणून भरले. काउंटरवर नोटा मोजून दिल्या, पावती घेतली, ‘येतो जी’ म्हणाला. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

तो खरोखरच दुसरा तांबेरा होता का? आज सिद्ध करता येणार नाही. त्या पानाचा तुकडाही कुणी तपासणीला पाठवला नाही. त्या साली थंडी आणि दव जास्त असेल, एवढेही पुरले असेल. पण हयगय झाली हे तरी कुठे सिद्ध होते? ते मी लिहिले आणि ते खरे ठरले. फार्गोच्या डॉक्टरांनी चाळीस वर्षे घालून जे मांडले, ते एका ओळीत माझ्यासमोर बोलले गेले होते, आणि मी खातेवहीची एकच बाजू वाचून आलो होतो.

एकट्या शेतकऱ्याचेच असे होते असे नाही. सगळे जग या हिशेबात चुकलेले आहे. राय नावाच्या धान्यातून गव्हात आणलेल्या ‘एसआर-३१’ या एका जनुकावर देशोदेशींचे गहू वर्षानुवर्षे काळ्या तांबेऱ्यापासून सुरक्षित होते. १९९८ साली युगांडात त्यालाच न जुमानणारा वंश सापडला. त्याचे ‘यूजी-९९’ असे नाव पडले. पुढे तो वाऱ्यावर स्वार होऊन आफ्रिकेतून येमेन आणि इराणपर्यंत पोचला. नव्वदी ओलांडलेल्या बोरलॉगनी २००५ साली पुन्हा उभे राहून जगाला सावध केले. सगळी ठेव एकाच बँकेत ठेवू नये, हे आम्ही ठेवीदारांना सांगत असू. शेतीतही तेच खरे आहे.

मग उपाय काय? तो फ्लोरच्याच तक्त्यात आहे. ११० रोपांकडे पाहावे. त्यांच्यात ओटावाचा शिपाई होता आणि बॉम्बेचाही. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांची असते. एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. एक किल्ली चोरीला गेली तरी दार उघडत नाही. वाणात दोन-तीन जनुके एकत्र घातले, तर बुरशीला सगळ्या खुणा एकदम पुसाव्या लागतात, आणि ते अवघड असते. अशक्य मात्र नाही. बुरशीच्या रकान्यातली ती ५ नातवंडे विसरून चालत नाही. त्यांच्या आजी-आजोबांपैकी कुणालाही दोन्ही वाण खाता येत नव्हते.

म्हणून नवे शिपाई सतत शोधावे लागतात, आणि ते सापडतात जुन्या, गावठी, कमी पिकणाऱ्या वाणांत आणि पिकांच्या रानटी भाऊबंदांत. एखाद्या म्हातारीच्या कणगीतले मूठभर बियाणे नाहीसे झाले, की कोण जाणे कुठला शिपाई त्याच्याबरोबर जातो.

फ्लोर १९६९ साली निवृत्त झाला आणि १९९१ साली वारला. त्याने उभ्या आयुष्यात एकही जनुक डोळ्यांनी पाहिला नाही. जे काही मांडले ते पानांवरच्या पुळ्या मोजून, मागाहून हिशेब जुळवून. तो गेल्यानंतर चार वर्षांनी, १९९५ साली, ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या शास्त्रज्ञांनी जवसाचा प्रतिकाराचा एक जनुक वेगळा काढला. २००४ साली त्याच्या जोडीची, तांबेऱ्याच्या अंगची खूण सापडली, आणि दोन वर्षांनी दाखवले गेले की दोन्हींपासून बनणारी प्रथिने खरोखरच एकमेकांना जाऊन भिडतात. साठ वर्षांपूर्वी पेन्सिलीने जुळवलेला ताळेबंद पैशापैशाने बरोबर निघाला. हिशेबनिसाच्या नशिबी हे भाग्य क्वचितच येते. त्यालाही ते पाहायला मिळाले नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी नातीला सगळे सांगितले. तांबेऱ्याचेही, आणि माझ्या शेऱ्याचेही. घरात कुणाला आजवर सांगितले नव्हते. ती ‘तुमची काय चूक’ वगैरे म्हणेल असे मला वाटत होते, थोडी आशाही होती. ती तसे काही म्हणाली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, ‘आजोबा, वाणाचे नाव आणि पेरणीची तारीख लिहून तांबेऱ्याची चार पानं कागदी पाकिटात घालायची असतात. प्लॅस्टिकच्या नाही, सडतात. आणि केंद्राला पाठवायची. नवा वंश आला असेल तर तिथं कळतं.’

‘एवढंच?’ मी विचारले.

‘एवढंच.’

एक कागदी पाकीट. आमच्या शाखेच्या कपाटात तशी गठ्ठ्याने पडलेली असायची.